पंचावन्न लिटरचा माणूस

सरकारी योजना हेही साहित्यच. समीक्षा आपणच करायची.

जलजीवन मिशन (२०१९) म्हणतं, खेड्यातल्या माणसाला रोज किमान ५५ लिटर. गटार असलेल्या शहराचा निकष १३५. का? नरपडच्या बाईला तहान कमी? उत्तर तयार : मैला वाहून न्यायला पाणी लागतं, खेड्यात गटार नाही. म्हणजे गटार नाही म्हणून पाणी कमी. पाणी कमी म्हणून गटार नाही. मनूचंही गणित हेच. शिकू द्यायचं नाही, मग अडाणी म्हणून हिणवायचं.

मग शोषखड्डा घ्या म्हणतात. किनाऱ्याच्या वाळूत भूजल वरच असतं. खड्डा नि विहीर आतून एक होतात. आराखड्यात मात्र 'हागणदारीमुक्त' लिहून मोकळे!

याच जिल्ह्यातल्या सूर्येचं पाणी वसई-विरार, मीरा-भाईंदरला. योजना रोज ४० कोटी लिटरची. त्यासाठी डोंगर पोखरून बोगदे काढता आले.

मित्रांनो, २० मार्च १९२७ वर आपण कविता पुष्कळ लिहिल्या. ओंजळ लिहिली, सांडपाणी लिहिलं नाही. 'आमचं गाव, आमचा विकास'चा आराखडा ग्रामसभेपुढे येतो. डहाणूत तर पेसा (१९९६) आहे. तिथं उठून विचारा : विहीर कुठं, खड्डा कुठं, गटार कुणाच्या दारात संपतं?

कविता नंतर वाचू.