गुण मिळाले, आकलनाचे काय?

परीक्षेत साठ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला विषयही साठ टक्के समजला, असे म्हणता येईल का? शाळेत हा प्रश्न आपण मनातच ठेवतो. महाविद्यालयांना मात्र त्याचे उत्तर आता लेखी द्यावे लागते. अभियांत्रिकीच्या शिक्षणाला परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाला आणि आपल्याकडे ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द रूढ झाला. विषय शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवे हे आधी लिहायचे आणि ते किती साध्य झाले याचा तक्ता शेवटी भरायचा, अशी ही पद्धत आहे.

कल्पना चांगलीच आहे. आमचा आक्षेप आहे तो तक्त्यावर. अनेक ठिकाणी त्यातले आकडे त्याच जुन्या परीक्षेच्या गुणांवरून काढले जातात. पण ते गुण सूत्रात किमती घालून मिळाले की समजून मिळाले, हे तक्ता सांगत नाही. विद्यार्थ्याला सुरुवातीला किती येत होते, हेही सांगत नाही. मग वाढ मोजली कशी?

ती मोजता येते. अमेरिकेत हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी १९९२ साली ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ ही चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही. एक प्रश्न असा आहे: मोठा मालट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर धडकतात; कोण कोणावर जास्त बल लावते? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेले कितीतरी विद्यार्थी ‘मालट्रक’ म्हणून मोकळे होतात! चाचणीतले चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्याच नेहमीच्या समजुतींवर बेतलेले आहेत. त्यामुळे चुकलेले उत्तरही शिक्षकाला काही सांगून जाते.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एरिक मॅझूर यांना अशी चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना फारच सोपी जाईल असे वाटले होते. एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवले तशी द्यायची, की मला वाटते तशी? शिकवलेले आणि वाटणारे यांतले हे अंतर वार्षिक परीक्षेत दिसत नाही.

रिचर्ड हेक यांनी १९९८ साली शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठांतील ६२ अभ्यासक्रमांच्या, ६५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचे निकाल एकत्र मांडले. त्यांचे माप सोपे आहे. सुरुवातीला ४० टक्के गुण असतील, तर वाढीला ६० टक्क्यांची जागा उरते. शेवटी ५५ टक्के मिळाले, तर वाढ १५ भागिले ६०, म्हणजे ०.२५. केवळ व्याख्यानावर भर असलेल्या १४ वर्गांची सरासरी ०.२३ आली. चर्चा, प्रश्न आणि हाताने करून पाहणे यांना जागा देणाऱ्या ४८ वर्गांची ०.४८ आली.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. हेक यांना आकडे शिक्षकांनी आपणहून पाठवले होते. ज्याचा वर्ग बरा, तो आधी पाठवणार. चाचणी नेमके काय मोजते यावर हफमन आणि हेलर यांनी १९९५ सालीच शंका घेतली. प्रयोग मांडता येतो का, निष्कर्ष लिहिता येतो का, हे तर ती पाहतच नाही. आणि तिच्याच प्रश्नांची घोकंपट्टी करून घेतली, तर तिचीही वार्षिक परीक्षा होईल. तरीही तक्त्यात नसलेल्या दोन गोष्टी तिच्यात आहेत: आधीचे माप आणि विद्यार्थ्यांच्या चुकांचा अभ्यास.

या दोन गोष्टींसाठी मंडळाची किंवा विद्यापीठाची परवानगी लागत नाही. अकरावीला बलाचा धडा सुरू करण्यापूर्वी असे तीन प्रश्न विचारून पाहावेत. गुण देऊ नयेत. उत्तरे जपून ठेवावीत. महिन्याने त्याच कल्पनेवरचे, पण वेगळ्या प्रसंगातले प्रश्न विचारावेत. मोठ्या विद्यार्थ्यांनी हे आपसांतही करून पाहावे आणि उत्तराचे कारण एकमेकांना पटवून द्यावे. पहिल्या आणि दुसऱ्या उत्तरांत फरक पडला नसेल, तर धडा संपला असला तरी शिकणे अजून व्हायचे आहे, एवढे नक्की समजावे.