आंबणे आणि आंबवणे : एका आंबट बिअरच्या आस्वादाची मीमांसा

मराठी समीक्षेची परिभाषा बहुतांशी जिभेवरून आलेली आहे. रस, आस्वाद, रसिक, अभिरुची, चर्वणा हे शब्द काव्यनाटकांच्या चर्चेत आपण इतक्या सहजतेने वापरतो की, त्यांचे मूळ खाण्यापिण्यात आहे याचे आपणास विस्मरण होते. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची उपपत्ती सांगताना भरताने दृष्टांत घेतला तो नाना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाचा. पुढील परंपरेत पानकरसाचा दृष्टांत रूढ झाला. परंतु वाङ्मयविचाराने जिभेचे हे ऋण फेडल्याचे मात्र दिसत नाही. एखाद्या पेयाचे गुणदोष सांगण्याची वेळ आली म्हणजे आपली परिभाषा एकाएकी मुकी होते. काव्यातील करुणाच्या छटा आपण सांगू शकतो, पण ताकाचा आंबटपणा आणि चिंचेचा आंबटपणा यांतील भेद सांगताना अडखळतो.

एका विशिष्ट पेयाच्या निमित्ताने हा प्रश्न तपासावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मद्यपानाचे समर्थन वा निषेध हा त्याचा विषय नव्हे.

१

गेल्या हिवाळ्यात भोकरदन येथे एका स्नेह्याच्या घरी बेल्जममधून आलेली एक बाटली उघडण्यात आली. पेय होते रोडेनबाख ग्राँ क्रू. पश्चिम फ्लँडर्समधील रूसेलारे या गावी १८२१ पासून चालत आलेल्या मद्यशाळेचे हे उत्पादन. तांबूस-तपकिरी रंगाच्या फ्लेमिश बिअरचा तो एक आदर्श नमुना मानला जातो. त्यात मद्यार्क शेकडा सहा इतका असतो. बेल्जममधील एकंदर बिअर-संस्कृतीला युनेस्कोने २०१६ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या संस्कृतीची ही एक जुनी शाखा होय.

या पेयाची कृती थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण त्याविना त्याच्या रसाचा विचार करता येत नाही. मोड आणून वाळवलेल्या जवाच्या काढ्यात यीस्टबरोबर दुग्धाम्ल निर्माण करणारे जिवाणूही वाढू दिले जातात. हे दही लावणाऱ्या जिवाणूंचेच गणगोत. पुढे हे पेय ओकच्या लाकडाच्या प्रचंड उभ्या पिंपांत सुमारे दोन वर्षे मुरत राहते. अशी जवळजवळ तीनशे पिंपे तेथे असून त्यांतील काही शंभर वर्षांहून जुनी आहेत. लाकडाच्या छिद्रांतून अत्यल्प हवा आत झिरपते आणि लाकडात वस्तीला असलेली ब्रेटॅनोमायसीस जातीची किण्वे आपले संथ काम करीत राहतात. शेवटी दोन भाग मुरलेले पेय आणि एक भाग कोवळे पेय यांचे मिश्रण करून ग्राँ क्रू सिद्ध होते. ब्रसेल्सच्या परिसरातील लँबिक हा याचा चुलतभाऊ. तेथे यीस्ट मुद्दाम घालीत नाहीत. हिवाळ्यातील रात्री उकळता काढा उथळ कढईत उघडा ठेवतात आणि हवेतील व लाकडातील जंतूंवर पुढचे सारे सोपवतात.

पेल्यातील पेयाचा रंग आमसुलाच्या पाण्यात गूळ विरघळवावा तसा होता. वासात प्रथम पिकलेली करवंदे, मागाहून जुनी लाकडी पेटी उघडल्यावर येतो तसा कोरडा गंध, आणि सर्वांच्या तळाशी शिरक्याची एक बारीक धार. स्नेह्याच्या मातोश्रींनी पेला नुसता नाकाशी नेला आणि निर्णय दिला, "हे तर आंबलंय की!" स्नेही म्हणाला, "आंबलं नाही, आई, आंबवलंय." त्यावर त्यांनी विचारले, "कुणी आंबवलं? लाकडानं?"

या तीन वाक्यांत प्रस्तुत विषयाचा सारा सांगाडा सामावलेला आहे.

२

'आंबणे' हे अकर्मक क्रियापद आणि 'आंबवणे' हे त्याचे प्रयोजक रूप. आंबलेला भात टाकून द्यावयाचा असतो. आंबवलेले पीठ डोशासाठी किंवा आंबिलीसाठी जपावयाचे असते. रासायनिक दृष्ट्या दोहोंत घडते ते पुष्कळसे एकच. भेद आहे तो कर्त्याचा. पहिल्यात पदार्थावर काहीतरी ओढवते. दुसऱ्यात कोणीतरी ते घडवून आणते. गुण आणि दोष यांच्यातील सीमारेषा मराठीने अशी क्रियापदाच्या रूपातच आखून ठेवली आहे.

तथापि भाषेचा कल आंबटाच्या बाजूचा आहे असे म्हणता येत नाही. फार श्रम झाले म्हणजे अंग आंबते; निराशा झाली म्हणजे तोंड आंबट होते; कोल्ह्याला न मिळालेली द्राक्षे आंबट असतात; आणि ज्याच्या आवडीनिवडी शिष्टसंमत नाहीत तो 'आंबटशौकीन' ठरतो. ज्या समाजाचे जेवण ताक, चिंच, कैरी आणि आमसूल यांवाचून पुरे होत नाही, त्याच्या वाक्प्रचारांत आंबटाला ही अप्रतिष्ठा का यावी? आंबटपणा हा नासण्याचा शेजारी आहे, हेच त्याचे कारण असावे. गोड पदार्थाविषयी जीभ निश्चिंत असते, आंबटाविषयी ती सावध असते. म्हणूनच आंबटाच्या आस्वादात निवड करणारी बुद्धी अधिक जागी राहते, आणि म्हणूनच समीक्षेच्या दृष्टीने तो अधिक उपयुक्त आहे.

३

अभिरुचीच्या निकषावरील आपल्या १७५७ च्या निबंधात डेव्हिड ह्यूम याने 'डॉन किहोटे'तील एक कथा उपयोजिली आहे. सँचोच्या दोन नातलगांनी एका पिंपातील मद्य चाखले. एकाला त्यात चामड्याची किंचित चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक त्यांना हसले. पण पिंप रिते झाल्यावर तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली एक जुनी किल्ली सापडली. सूक्ष्म अभिरुची म्हणजे मिश्रणातील प्रत्येक घटक ओळखण्याची शक्ती, असा ह्यूमचा अभिप्राय आहे.

हा अभिप्राय आपल्या पेयाला लावून पाहिला असता एक अडचण उद्भवते. चामड्याचा वास या जातीच्या बिअरमध्येही येतो. ब्रेटॅनोमायसीसच्या क्रियेने निर्माण होणाऱ्या संयुगांमुळे काही बिअरना जुन्या खोगिराचा किंवा गोठ्याचा गंध असतो. ह्यूमच्या पिंपात चामडे हा दोष होता. येथे तोच गंध, प्रमाणात असल्यास, गुण मानला जातो. चाखणाऱ्याने चामडे ओळखले एवढ्याने निर्णय होत नाही. ओळख ही निर्णयाची पूर्वअट आहे, निर्णय नव्हे.

विज्ञानाच्या इतिहासातही हेच दिसते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने १८८३ साली यीस्टचे शुद्ध वाण वेगळे केले आणि बिअर बिघडवणाऱ्या उपऱ्या किण्वांना मद्यशाळेबाहेर घालवण्याचा मार्ग दाखविला. कार्ल्सबर्गमधीलच क्लॉसेन याने १९०४ साली असे मांडले की, मुरवलेल्या इंग्लिश बिअरचा विशिष्ट स्वाद अशाच एका उपऱ्या किण्वामुळे येतो. ते किण्व म्हणजे ब्रेटॅनोमायसीस. वीस-एकवीस वर्षांच्या अंतराने एकाच संस्थेत दोषाच्या वर्गातील जंतूला गुणाच्या वर्गात जागा मिळाली. आज भोकरदनहून दोन-तीन तासांच्या अंतरावरील वाळूजच्या कारखान्यांत जी बिअर बनते, ती हान्सेनच्या शुद्ध वाणाच्या परंपरेतील आहे. आपल्याकडील बहुतेक चाखणारे बिअर म्हणून तिलाच ओळखतात. त्यांना रोडेनबाख बिघडलेली वाटली तर त्यात त्यांच्या जिभेचा दोष नाही. त्यांच्यापाशी प्रकाराचे ज्ञान नाही, एवढेच.

४

मग निर्णय कशाच्या बळावर करावयाचा? 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथातील बा. सी. मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे येथे उपयोगी पडतात. रोडेनबाखमध्ये करवंदासारखा फलगंध आणि दुग्धाम्लाचा मऊ आंबटपणा यांचा संवाद आहे. कोवळ्या पेयाच्या गोडीशी मुरलेल्या पेयाच्या आंबटाचा विरोध आहे. ओकचा तुरटपणा दोहोंना आवर घालतो आणि घोट संपताना तोंड कोरडे, स्वच्छ ठेवतो. शिरक्याची धार मात्र काठावर उभी आहे. पेला थंड असताना ती जाणवत नाही. पेय कोमट होऊ लागताच ती पुढे सरसावते, आणि अखेरच्या दोन घोटांत समतोल तिच्या बाजूला झुकतो, असे प्रस्तुत लेखकास वाटले. भोकरदनच्या हवेत हा झुकाव लवकर येतो, हेही नमूद केले पाहिजे.

तथापि मर्ढेकरांच्या तत्त्वांनी सारे काम भागत नाही. ती तत्त्वे सिद्ध वस्तूला लागू पडतात. येथे वस्तू सिद्ध होण्यापूर्वीच एक समीक्षा होऊन गेलेली असते. प्रत्येक पिंप वेगळे मुरते. एखादे फार आंबट होते, एखादे फार तुरट, एखादे निस्तेज. मद्यशाळेतील जाणता माणूस ही पिंपे चाखतो, काही निवडतो, काही थांबवून ठेवतो, आणि कोवळ्याशी त्यांचे प्रमाण जुळवतो. आंबणे जंतूंचे आणि लाकडाचे. आंबवणे या माणसाचे. मातोश्रींच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर ते असे : लाकडाने आंबवले हे खरे; पण कोठे थांबावयाचे हे लाकडाला कळत नाही. प्रयोजक क्रियापदातील कर्ता शोधावयाचा तो प्रारंभ करणाऱ्यात नव्हे, तर थांबवणाऱ्यात आणि जुळवणाऱ्यात. चाखणाऱ्याने न्याय करावयाचा तोही या जुळवणीचा. केवळ हेतुपुरस्सर आंबवले म्हणून कोणतेही आंबट पेय श्रेष्ठ ठरत नाही. लहान पिंपात हवेचा संपर्क अधिक होऊन शिरकाच बनलेले पेय 'परंपरागत' म्हणून पुढे केले जाते, तेव्हा ते आंबवलेले नसते, आंबलेलेच असते.

५

ही दृष्टी आपणास परकी आहे काय? चरकसंहितेच्या अन्नपानविधीत मद्यवर्गामध्ये सौवीरक आणि तुषोदक यांचा उल्लेख आहे. ही दोन्ही जवापासून आंबवून केलेली अम्ल पेये असून ती दीपन व पाचन म्हणून सांगितली आहेत. त्याच प्रकरणात नवे मद्य जड आणि जुने मद्य हलके व रुचिकर असा विवेकही आहे. आसवारिष्टांसाठी तूप लावून मुरवलेले मडके वापरण्याचा विधी वैद्यकात प्रसिद्धच आहे. जव, आंबट रस, काल आणि पात्र या चारही गोष्टींचा विचार आपल्याकडे होता; ओकचे पिंप तेवढे नव्हते.

आणि तो विचार केवळ ग्रंथांतच राहिला असेही नाही. लातूर-धाराशिव भागात वेळ अमावस्येला शेतात जी आंबील पितात, तिचा सारा स्वाद ताक आणि ज्वारीचे पीठ किती वेळ एकत्र ठेवले यावर अवलंबून असतो. मातोश्रींनी त्या संध्याकाळी पुढे सांगितले की, आंबिलीचे मडके नवे असले तर ती 'लागत नाही'. मडके जुने हवे. रूसेलारेच्या शंभर वर्षांच्या पिंपांचे मर्म याहून वेगळ्या शब्दांत सांगता येणार नाही. मग त्यांनी पेल्यातील दोन थेंब जिभेवर घेतले आणि म्हणाल्या, "आंबट बरं आहे. वास तेवढा गोठ्याचा." ह्यूमचे चामडे त्यांनी न शिकता ओळखले होते, दोष म्हणून की गुण म्हणून, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील दानलेखांत या गावचे दाते आढळतात. पाँपेई येथे १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. पुढे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला केलेल्या उत्खननात तिच्याशी जवळचे नाते सांगणारी मूर्ती मिळाली, आणि पाँपेईची मूर्ती दख्खनकडची असावी, किंबहुना भोगवर्धनचीच असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. दूरदेशी सापडलेल्या वस्तूचा अर्थ लावण्यास येथील मातीतली वस्तू साधन झाली. फ्लँडर्सच्या पिंपातील पेयाचा न्याय करण्यास आंबिलीचे मडके आणि मराठीचे एक प्रयोजक क्रियापद साधन होऊ शकेल काय, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. प्रस्तुत लेखकाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी आपल्या समीक्षेला आपले शब्द जिथून आणले तिथे, म्हणजे जिभेकडे, एकदा परत जावे लागेल.