चौलची काच, कुठली?

कोकणातल्या जुन्या घरात काचेची वस्तू कुठलीही असो, घरचे तिला बेल्जियमची ठरवून मोकळे होतात. आरसा बेल्जियमचा, हंडी बेल्जियमची. चौलच्या एका घरात ओटीवरच्या कोनाड्यात उभी असलेली वीतभर फुलदाणीही मग त्यातलीच. बेल्जियमहून काच मुंबईत पुष्कळ उतरे, त्यामुळे समज अगदीच निराधार नाही. पण ही फुलदाणी वेगळंच सांगते.

रंग पोपटी, त्यात पिवळी झाक. अंगावर पांढऱ्या मिन्याच्या उठावदार ठिपक्यांची फुलं, काठाला झिजलेली सोनेरी रेघ. पहिल्या नजरेत थोडी भडकच वाटते. फुलंही घाईत काढलेली. एका पाकळीचे ठिपके शेजारणीत घुसलेत. मला ते आवडलं. दिवसाकाठी ढिगाने नग रंगवणारा हात तसाच चालणार.

उलटी केली तर शिक्का नाही, आकडा नाही, लेबलाचा डागही नाही. खरी मेख मात्र इथेच आहे. फुंकलेल्या भांड्याचं तोंड गरम असतानाच घडवायचं तर तळाला लोखंडी दांडी चिकटवावी लागते. काम झालं की दांडी तोडतात आणि तिचा व्रण मागे राहतो. चांगला कारागीर तो घासून खळगा करतो. इंग्लंडमधल्या कामात ही खूण बहुधा सापडते आणि काठ आगीत वितळून गोल झालेला असतो. इथे तळाला व्रणही नाही, खळगाही नाही. आता काठावरून नख फिरवा. सोन्याखाली तो सपाट लागतो, कडा किंचित धारदार. म्हणजे काच आधी थंड होऊ दिली, वरचा जादा भाग तोडला, चाकावर काठ घासला आणि घासल्याची खूण सोन्याने झाकली. दांडीची गरजच पडली नाही. तळ आणि काठ एकमेकांची साक्ष देतात, तेव्हा अंदाजाला वजन येतं. ही रीत बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातली.

अंगावर साच्याची उभी शिवण नाही, उलट तिरप्या उजेडात केसासारख्या आडव्या रेषा दिसतात. ओल्या साच्यात काच गोल फिरवत फुंकली की शिवण पुसली जाते आणि अशा रेषा उमटतात. टिचकी मारली तर नाद आखूड. शिसं घातलेल्या इंग्लिश काचेचा लांबत जातो. (आकारावरही नाद बदलतो, म्हणून एकट्या टिचकीवर कुणी पैज लावू नये.)

नोटा तपासायचा जांभळा दिवा धरला आणि फुलदाणी हिरवीगार पेटली. काचेत युरेनियम आहे. बोहेमियातच योझेफ रीडेलने १८३०च्या दशकात अशी पिवळी-हिरवी काच गाजवली. तिथल्याच याखिमोव्हच्या खाणीतल्या खनिजातून क्युरी दांपत्याने १८९८ साली रेडियम शोधलं. तरी दिवा पेटला म्हणून गाव ठरत नाही. इंग्लंड-अमेरिकेतही युरेनियम वापरत. फुलं ठेवायला भीती नको, किरणोत्सर्ग अगदी क्षीण असतो.

मनातून वाटतं, ही तळेगावची निघावी. पैसा फंडाचा काच कारखाना तिथे १९०८ साली उभा राहिला, पुढे कराडजवळ ओगलेवाडीहून प्रभाकर कंदील घरोघरी गेले. पण असलं सोनं-मिन्याचं काम त्या घडणीचं वाटत नाही. त्यापेक्षा दुसरा धागा जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोहेमियातल्या गाब्लोंझच्या बांगड्या आणि मणी आपल्या बाजारात भरलेले असत. ज्या मुलखातून बांगडी आली तिथलीच फुलदाणी मुंबईत उतरली आणि रेवसच्या बोटीने चौलला आली, हा माझा तर्क, पुरावा नव्हे.

चिठ्ठी लिहायची तर 'बोहेमिया, सुमारे १८८० ते १९१०' एवढीच. विकणारा लगेच बोहेमियातल्याच हाराख काच कारखान्याचं नाव जोडेल, कारण त्याने किंमत चढते. तिथल्या नगांच्या तळाला पुष्कळदा बारीक रंगवलेले आकडे असतात. इथे भिंगाखालीही रंगाचा कण सापडला नाही.

आतला पांढुरका थर खाऱ्या विहिरीच्या पाण्याचा असेल तर पातळ व्हिनेगरने सुटेल. सोनं आणि मिना मात्र कोरडे ठेवायचे. तरीही थर उरला, तर तो दमट हवेत काचेतला क्षार पाझरून आलेला रोग. मग घासू नये.