दोन हजार उपयोग, चार गुणधर्म

निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० हा फवारा आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरी येथील हार्डवेअरच्या दुकानांत आणि गॅरेजमध्येही तो किंवा त्याच्यासारखा एखादा फवारा दिसतो. डब्यासोबत आणखी एक गोष्ट घरोघरी पोचली आहे, ती म्हणजे त्याच्या ‘आश्चर्यकारक उपयोगांची’ यादी. कुरकुरणारी बिजागरी, गंजलेला बोल्ट, भिंतीवरचे खडूचे रंग, बाटलीवरच्या लेबलाचा डिंक, बोटात अडकलेली अंगठी, माशांचा गळ आणि शेवटी गुडघेदुखी! कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेल्या यादीत दोन हजारांहून अधिक उपयोग आहेत. त्यात लोकांनी परस्पर घातलेली भर वेगळीच.

एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या यादीचे परीक्षण करावे, असे आम्हांला वाटते. याद्या वाचायला सोप्या असतात, लक्षात राहतात आणि वर्गात सांगितल्या की मुले खूश होतात. म्हणूनच त्या तपासून घेणे गरजेचे आहे.

मुळात हा पदार्थ कशासाठी तयार झाला? १९५३ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे रॉकेट केमिकल कंपनी नावाच्या एका लहानशा उद्योगात तिघेजण काम करत होते. अ‍ॅटलास क्षेपणास्त्राचा बाहेरचा पत्रा गंजू नये यासाठी त्यावरचे पाणी हटवणारे द्रव्य त्यांना हवे होते. कंपनीच्या सांगण्यानुसार चाळिसाव्या प्रयत्नात ते जमले. डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, अर्थात पाणी हटवणे. आणि ४० हा प्रयत्नाचा क्रमांक. १९५८ मध्ये ते फवाऱ्याच्या डब्यात दुकानांतून विकायला आले. कृती उघड करावी लागू नये म्हणून कंपनीने पेटंट घेतले नाही.

कृती गुप्त असली तरी पदार्थाची जात गुप्त नाही. सुरक्षिततेसाठी द्याव्या लागणाऱ्या माहितीपत्रकातून ती कळते. सुमारे निम्मा भाग रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनच्या कुळातला पातळ हायड्रोकार्बन द्रावक असतो. एक तृतीयांशाहून कमी भाग खनिज तेलाचा असतो. फवारा उडवण्यासाठी दोन-तीन टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि उरलेला भाग पूरक द्रव्यांचा. थोडक्यात, आपल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात रॉकेलची वाटी आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी शेजारी शेजारी ठेवलेली असते, त्या दोघांचे हे सुधारलेले, डबाबंद भावंड आहे. आपल्या मिस्त्रींनी हे उपयोग फार पूर्वीच शोधले होते, फक्त त्यांची यादी कोणी छापली नाही.

आता यादीकडे वळू. ती वाचताना आमच्या लक्षात आले, की त्यातले जे उपयोग खरे ठरतात ते सारे चार गुणधर्मांत बसतात.

पहिला गुणधर्म विरघळवण्याचा. तेलकट द्रावकात तेलकट पदार्थ विरघळतात. डांबराचे डाग, मेणखडूचे रंग, लेबलाचा चिकट डिंक, साखळीवरचे जुने काळे वंगण हे सर्व उपयोग याच एका नियमाची उदाहरणे आहेत. म्हणूनच चहाचा किंवा गुळाच्या पाकाचा डाग याने जात नाही. तिथे पाणीच हवे.

दुसरा गुणधर्म शिरकाव करण्याचा. पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, तर रॉकेलसारख्या द्रवांचा साधारण २५. शिवाय हे द्रव पातळ असतात. त्यामुळे नट आणि बोल्टच्या आट्यांमधील केसाएवढ्या फटीतही ते केशाकर्षणाने आत जातात. मात्र हा द्रव गंज ‘खातो’ हे म्हणणे चूक आहे. गंज म्हणजे लोखंडाचे पाणीयुक्त ऑक्साइड, आणि ते हायड्रोकार्बनमध्ये विरघळत नाही. द्रव फक्त फटीत शिरून घर्षण कमी करतो आणि काम पान्याचे असते. गंज रासायनिक रीतीने काढायचा तर आम्ल हवे. लोखंडी तव्यावर चिंच घासणाऱ्या आजीचे रसायनशास्त्र इथे अधिक बरोबर आहे.

तिसरा गुणधर्म पाणी हटवण्याचा. इथे विद्यार्थ्यांना विचारण्यासारखा एक छान प्रश्न आहे: तेल पाण्यापेक्षा हलके, ते वर तरंगायला हवे, मग ते पाण्याच्या खाली जाऊन धातूला कसे चिकटते? उत्तर घनतेत नाही, पृष्ठभाग ओला करण्याच्या क्षमतेत आहे. पाणी हटवणाऱ्या तेलांमध्ये सामान्यतः अशी पूरक द्रव्ये घालतात, की ज्यांच्या रेणूचे एक टोक धातूला धरते आणि दुसरे तेलात रमते. ते धातूचा ताबा घेतात आणि पाण्याचा थेंब गोळा होऊन घरंगळतो. भिजलेल्या स्कूटरचा प्लग बंद इंजिनावर असा कोरडा करता येतो.

चौथा गुणधर्म पातळ थर मागे ठेवण्याचा. द्रावक उडून गेला की तेलाचा थर राहतो. तो हवा आणि पाणी यांना काही काळ अडवतो, थोडे घर्षणही कमी करतो. पण थर पातळ आहे, हे विसरू नये. पावसात उभ्या असलेल्या नांगराच्या फाळाला तो मोसमभर पुरणार नाही; तिथे ग्रीस किंवा रंगच हवा.

म्हणजे दोन हजार उपयोग हे दोन हजार शोध नव्हेत. हे चार गुणधर्म आहेत आणि उरलेली घरातल्या वस्तूंची नावे. हा आमचा यादीवरचा पहिला आक्षेप. यादी उपयोग सांगते, कारण सांगत नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला पुढचा उपयोग स्वतः ओळखता येत नाही आणि खोटा उपयोग पकडताही येत नाही. दुसरा आक्षेप असा, की याद्या जशाच्या तशा उतरवल्या जातात. ‘खोऱ्याला बर्फ चिकटू नये म्हणून फवारा’ हा सल्ला अमेरिकेत ठीक आहे; एप्रिलमध्ये होरपळणाऱ्या सेनगावात त्याचे काय करायचे? उलट, हळद पॉलिश करायच्या ड्रमच्या आतल्या बाजूस हा फवारा मारू नये, कारण खाण्याच्या वस्तूला तो लागता कामा नये, ही आपल्याकडे हवी असलेली सूचना त्यात सापडत नाही. तिसरा आक्षेप किश्शांबद्दल आहे. आशियातल्या एका बसचालकाने गाडीच्या खालच्या भागाला वेटोळे घालून बसलेला अजगर या फवाऱ्याने हटवला, असे कंपनीच सांगते. किस्सा मनोरंजक आहे, पण एकदा घडले म्हणजे सिद्ध झाले असे नव्हे.

यादीवर टीका करणाऱ्यांचेही परीक्षण व्हायला हवे. ‘डब्ल्यूडी-४० हे वंगणच नव्हे’ असे आता ठासून सांगितले जाते. हाही एक गैरसमजच आहे. त्यात तेल आहे आणि ते वंगणाचे काम करते. प्रश्न कोठे, किती भार आणि किती काळ हा आहे. शिलाई मशीनचे भाग हलके असतात आणि वेगाने फिरतात. त्यांना पातळ तेल मानवते. बैलगाडीच्या आसावर पातळ तेल घातले तर ओझ्याखाली ते दाबून बाहेर पडेल. तिथे घट्ट वंगणच टिकते. सायकलच्या साखळीवर हा फवारा मारला तर जुने वंगण धुऊन निघते. नंतर योग्य तेल घातले नाही तर चार दिवसांत साखळी पुन्हा कुरकुरते. म्हणजे ‘वंगण आहे’ आणि ‘वंगण नाही’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. एका अतिशयोक्तीला दुसऱ्या अतिशयोक्तीने उत्तर देणे हे काही विज्ञान नव्हे.

काही समजुती मात्र सरळ खोट्या आहेत. यात माशाचे तेल असते म्हणून गळाला मासे लागतात, असे म्हणतात. त्यात माशाचे तेल नाही, असे कंपनीने स्पष्ट केले आहे. संधिवातावर फवारा मारल्याने आराम पडतो, हीदेखील जुनी समजूत आहे आणि तीही कंपनीने नाकारली आहे. ही समजूत अधिक विचार करण्यासारखी आहे, कारण आपल्याकडेही दुखऱ्या गुडघ्याला रॉकेल चोळणारी माणसे आहेत. तिच्यामागे एक उपमा दडलेली आहे: सांधा म्हणजे बिजागरी, कुरकुरली की तेल घाला. पण गुडघ्याचे वंगण सांध्याच्या आवरणात असते आणि संधिवातात झीज किंवा दाह होतो तो आत. कातडीवर मारलेला फवारा तिथे बिजागरीसारखा ओघळत जात नाही. बरे वाटते ते चोळण्याने, द्रावक उडताना लागणाऱ्या गारव्याने आणि दुखणे मुळातच कमी-जास्त होत असल्याने. नुकसान मात्र खरे असते. द्रावक कातडीतील स्निग्धांश काढून घेतो. ती कोरडी पडते, फुटते, चुरचुरते.

याहून गंभीर धोका लहान मुलांचा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवलेले रॉकेल पिऊन मुले अत्यवस्थ होतात, हे ग्रामीण रुग्णालयांना नवे नाही. पोटापेक्षा इथे फुप्फुसांना अधिक धोका असतो. जो पातळपणा आणि जो कमी पृष्ठताण या द्रवाला बोल्टच्या आट्यांत नेतो, तोच त्याला श्वासनलिकेतून फुप्फुसाच्या बारीक फांद्यांत पसरवतो आणि तिथे दाह होतो. म्हणून अशा मुलाला उलटी करायला लावू नये. उलटीबरोबर द्रव पुन्हा श्वासात जाऊ शकतो. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. ज्या यादीत गुणधर्म नाहीत, तिच्यात हा इशाराही असणार नाही.

हाच गुण एका वेगळ्या ठिकाणी दोष कसा ठरतो, याचे उदाहरण हिंगोली जिल्ह्यातच उभे राहत आहे. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असणार आहेत. अमेरिकेतील अशाच वेधशाळांच्या नळ्यांमध्ये हवेचा दाब वातावरणाच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागाइतका कमी ठेवतात. आतले आरसे ४० किलो वजनाचे आहेत. नळ्यांत कोठे तेलाचा अंश राहिला तर त्याची वाफ आरशावर बसते, तो थर लेसरचा प्रकाश शोषतो आणि मोजमाप बिघडते. म्हणून तिथले सुटे भाग तेलाचा मागमूस राहणार नाही असे धुतात आणि नळ्या अनेक दिवस तापवतात. बाजारातल्या गॅरेजमध्ये जो पातळ थर हवाहवासा, तोच काही मैलांवर शत्रू! पदार्थ चांगला किंवा वाईट नसतो. त्याचा गुणधर्म असतो आणि काम असते.

मग शिक्षकांनी या यादीचे काय करावे? ती फेकून देऊ नये, असे आमचे मत आहे. ती वर्गात आणावी आणि प्रत्येक उपयोगापुढे विद्यार्थ्यांना तीन प्रश्न लिहायला सांगावेत: कोणत्या गुणधर्मामुळे हे होत असेल? याच कामाला दुसरे काही वापरून तुलना केली आहे का? आणि नुकसान कशाचे होईल? महागडा डबाही आणायला नको. तिरप्या काचेवर शिलाई मशीनचे तेल, खोबरेल आणि एरंडेल यांचे थेंब सोडून कोणता आधी खाली पोचतो ते पाहावे. तीन खिळे घ्यावेत: एक कोरा, एक तेल लावलेला, एक ग्रीस लावलेला. ते ओल्या फडक्यावर ठेवून कोणता कधी गंजतो याची रोज नोंद करावी. डिंकाच्या लेबलांवर पाणी, तेल आणि लिंबाचा रस वेगवेगळे लावून पाहावे. हे प्रयोग ज्योतीपासून दूर करावेत. फवाऱ्याचा डबा वापरलाच तर तो शिक्षकांनी मोकळ्या हवेत वापरावा. चालू वीजप्रवाहाच्या वस्तूवर तो कधीही मारू नये आणि चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये.

यादीतल्या दोन हजार ओळींपैकी वीस ओळी जरी मुलांनी अशा तपासल्या, तरी उरलेल्या एक हजार नऊशे ऐंशी कोणी सांगण्याची त्यांना गरज उरणार नाही. कोणत्या खऱ्या, कोणत्या अर्ध्या आणि कोणत्या घातक, हे ती स्वतःच ओळखू लागतील.