पीएसएनआर काढलाय, पण कशावर?

एचडीआर व्हिडिओच्या कॉम्प्रेशनवरचा पेपर हातात आला की आधी एवढंच शोधा: पीएसएनआर कुठल्या मूल्यांवर काढलाय? ते लिहिलेलं नसेल तर पुढचा तक्ता वाचण्यात अर्थ नाही.

समजा फ्रेममध्ये १००० निट्सची पणतीची ज्योत आहे आणि मागे १ निटची अंधारी भिंत. कॉम्प्रेशनमुळे दोन्हीकडे एकेक निट वाढला. ज्योतीत तो दिसणारही नाही. भिंतीचा प्रकाश मात्र दुप्पट झाला! थेट प्रकाशमूल्यांवर काढलेल्या पीएसएनआरला या दोन्ही चुका सारख्याच.

म्हणून २०१४ साली प्रमाणित झालेला पीक्यू वक्र वापरायचा. तो १०,००० निट्सपर्यंतचा पल्ला डोळ्याच्या संवेदनेनुसार पायऱ्यांत वाटतो. भिंतीला न्याय मिळतो, पण अर्धाच. भिंतीवर उमटलेले पट्टे आणि दाट झाडीत तेवढीच विखुरलेली चूक, पीएसएनआरच्या लेखी एकच. डोळ्याला पट्टे खुपतात, झाडीतलं कळतही नाही.

मग व्हीमॅफ? नेटफ्लिक्सचं हे मापक माणसांनी दिलेल्या गुणांवरून शिकलंय खरं, पण ते गुण साध्या एसडीआर व्हिडिओंचे होते. एचडीआरसाठी त्यांना डॉल्बीसोबत वेगळी आवृत्ती करावी लागली. तरीही जुनंच मॉडेल एचडीआर फाइलवर चालवून दशांशात गुण छापायचे, हे मला पटत नाही. एन्कोडरची सेटिंग्ज अशाच आकड्यांवर ठरतात; आकडा भिंतीकडे बघत नसेल तर बिट्स तिथलेच कापले जातात.

एचडीआर-व्हीडीपी निदान पडद्याची खरी चमक आधी विचारतं. हळू चालतं म्हणून त्याला खुशाल नावं ठेवा.