गारगोट्या उरल्या, हिशेब हरवला

जिजाऊ जयंती ते शिवजयंती हा वाशीम, कारंजा, रिसोड भागात व्याख्यानांचा आणि वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम. यंदा मार्गदर्शकांच्या तोंडी प्राचीन अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस वारंवार आला. दरवेळी तोच, तोंडात गारगोट्या धरून समुद्रासमोर बोलणारा तोतरा मुलगा. मुलांना धीर द्यायला गोष्ट चांगली आहे. पण तिच्यावरच थांबून आपण वक्तृत्वाचं वाटोळं केलं आहे.

इ.स.पू. 351 मध्ये मॅसिडोनच्या फिलिपविरुद्ध अथेन्सच्या सभेपुढे उभं राहून या माणसाने काय सांगितलं? दहा वेगवान युद्धनौका, दोन हजार पायदळ आणि त्यात पाचशे अथेन्सचेच नागरिक, दोनशे घोडेस्वार, खर्च नव्वद टॅलेंटच्या (तेव्हाचं नाण्यांचं माप) वर. हाताशी हिशेब ठेवून त्याने लोकांना खडसावलं. रात्र रात्र जागून तयारी करायचा, म्हणून विरोधक म्हणत की याच्या युक्तिवादाला दिव्याच्या वातीचा वास येतो. पुढे इ.स.पू. 338 मध्ये कायरोनियाच्या लढाईत अथेन्स फिलिपकडून हरलं. आठ वर्षांनी प्रतिस्पर्धी वक्ता एस्किनीसने डेमॉस्थेनिसला त्या धोरणावरून भर न्यायालयात घेरलं. एस्किनीस पूर्वीचा नट, आवाज भारदस्त. डेमॉस्थेनिसने आपलं धोरण लपवलं नाही; पराभव आधी कळला असता तरी शहराने लढायलाच हवं होतं, असं तो ठामपणे म्हणाला. एस्किनीसला एक पंचमांश मतंही मिळाली नाहीत.

आपल्या स्पर्धांत मात्र एस्किनीसच जिंकला असता. परीक्षकाच्या कागदावर आवाज, हावभाव, पाठांतर यांना गुण. मुद्दा खरा की खोटा, याला रकानाच नाही. पोरगं ठरल्या वाक्याला हात वर करतं, टाळी पडते, घंटी वाजते, संपलं. प्रेरणादायी व्याख्यात्यांबद्दल बोलण्यासारखं काही नाही. विदर्भातले वक्ते राम शेवाळकर यांची लय उचलणाऱ्यांनी त्यांचा व्यासंग उचलला नाही. राजकीय सभा तर ध्वनिक्षेपकाच्या ताकदीवर चालल्या आहेत.

खरा नमुना वऱ्हाडातच होता. गाडगेबाबांचं कीर्तन ऐका. वांद्र्याच्या 1956 मधल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. बाबा सांगत नाहीत, विचारतात. देवापुढे ठेवलेल्या नैवेद्याजवळ कुत्रं आलं तर हाकलायला कोण बसतं, हे ते लोकांच्याच तोंडून काढून घेतात. उत्तर देता देता माणूस आपल्याच समजुतीवर येऊन अडकतो. त्यात ना अलंकार, ना संस्कृतप्रचुर सुरुवात. बोली वऱ्हाडी, विषय कर्ज, दारू, हुंडा, शिक्षण. समोरचा माणूस उत्तर देऊ शकतो, हे धरूनच ते बोलत.

हे गावंढळ आणि ते अभिजात, अशी वाटणी मला मान्य नाही. अथेन्सची सभा आणि वऱ्हाडातलं कीर्तन यांत एक गोष्ट समान आहे: ऐकणाऱ्याला नाही म्हणता येत होतं. आपल्या मंचावरून तेच हद्दपार झालं आहे. सोयाबीनचा भाव पडतो, पीकविम्याचा दावा नाकारला जातो, ग्रामसभेत खर्चाचा तक्ता वाचला जातो, आणि बक्षिसं मिळवलेली आपली मुलं तिथे गप्प बसतात. कारण त्यांना बोलायला शिकवलं, वाद घालायला नाही. म्हणून आयोजकांना सांगणं आहे: विषय आपल्या तालुक्याचा द्या, आकडे मुलांना स्वतः काढू द्या, आणि भाषण संपल्यावर श्रोत्यांना प्रश्न विचारू द्या. गुण त्या उत्तरांना द्या. एवढी तयारी नसेल तर या स्पर्धा बंद केलेल्या बऱ्या.