'फँड्री' आणि पाहणारीं माणसें

दुःखाचें चित्रण करणाऱ्या कलावंतापुढें एक सोपी वाट नेहमींच मोकळी असते. ती म्हणजे प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याची. दारिद्र्य, अपमान, संकट यांनीं गांजलेला सामान्य माणूस पडद्यावर आला कीं आपलें मन द्रवतें, आणि मन द्रवलें या जाणिवेनें आपणांस आपल्याच चांगुलपणाची खात्री पटते. डोळे टिपून आपण घरीं येतों. ज्याच्यासाठीं रडलों तो जेथल्या तेथें राहतो. अशा चित्रपटांस वाईट म्हणण्याचें कारण नाहीं. दयेवांचून माणूस माणसाजवळ येत नाहीं, हेंहि खरें आहे. परंतु दया करणारा वरच्या पायरीवर व दयेचा विषय खालच्या पायरीवर, ही मांडणी दयेनें बदलत नाहीं. जो चित्रपट ही पायरीच हलवूं पाहतो त्याची परीक्षा निराळ्या रीतीनें करावी लागते. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' या दुसऱ्या वर्गांतला आहे.

मराठी चित्रपटाला सामान्य माणसाचें वावडें कधींच नव्हतें. बाबूराव पेंटर यांनीं 1925 सालीं 'सावकारी पाश' या मूकपटांत कर्जापायीं जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी दाखविला. ती भूमिका व्ही. शांताराम यांनीं केली होती. त्या कथेंत अन्याय करणारा बोटानें दाखवितां येतो. प्रेक्षकाला सावकाराचा राग येतो, व तो राग त्याला जड जात नाहीं. कारण तो स्वतः सावकार नसतो. 'फँड्री'नें प्रेक्षकाची ही सोय काढून घेतली आहे. तींत टवाळ पोरें आहेत, हुकूम सोडणारे गांवकरी आहेत. परंतु सर्व पापाचा धनी ठरावा असा खलपुरुष नाहीं. जें घडतें तें सबंध गांव मिळून घडवितें, आणि बहुतेकांना आपण कांहीं केलें असें वाटतहि नाहीं.

मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यांतील करमाळा तालुक्यांतले. नगरच्या न्यू आर्टस् महाविद्यालयांत त्यांनीं संज्ञापनशास्त्राचा अभ्यास केला. शाळेसाठीं आसुसलेल्या मुलावरील 'पिस्तुल्या' (2009) या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' 14 फेब्रुवारी 2014 रोजीं प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीं असलेला इंदिरा गांधी पुरस्कार त्याला लाभला, व नायकाची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे या मुलाला बालकलाकाराचा. कथेचें गांव अकोळनेर, नगरजवळचें. 'फँड्री' हा कैकाडी भाषेंतला शब्द. त्याचा अर्थ डुक्कर. ज्या जमातीला इंग्रजी राजवटीनें कायद्यानें गुन्हेगार ठरविलें होतें, आणि 1952 सालीं तो कायदा रद्द झाल्यावरहि जिच्यावरचा संशय गेला नाहीं, तिची भाषा अशी शीर्षकावर येऊन बसली हेंच मुळीं लक्षांत घेण्यासारखें आहे.

जांबुवंत ऊर्फ जब्या हा कैकाड्याचा मुलगा शाळेंत जातो व वर्गांतल्या वरच्या जातीच्या शालूवर मनांतल्या मनांत प्रेम करतो. काळी चिमणी मारून तिची राख टाकली म्हणजे मुलगी वश होते, अशी त्याची समजूत आहे. म्हणून गलोल घेऊन तो रानोमाळ हिंडतो. इकडे बाप कचरू मुलीच्या लग्नाच्या काळजीनें पोखरलेला. जत्रेच्या पालखींत डुकरें घुसतात, आणि तीं पकडण्याचें काम गांव त्याच्यावर टाकतें. नाहीं म्हणण्याची त्याची ऐपत नाहीं.

कचरूची भूमिका किशोर कदम यांनीं केली आहे, व ती या चित्रपटाचें मोठें बळ आहे. वांकलेली मान, अर्धवट उच्चारलेला होकार, समोरच्याच्या पायांकडे लागलेली नजर यांतून एक जन्मभराची शिकवण दिसते. कचरू भित्रा नाहीं. लवणें हें त्याचें जगण्याचें हत्यार आहे, व तेंच तो मुलाच्या हातीं देऊं पाहतो. मुलाला तें नको आहे. इटलींतील व्हित्तोरियो दे सिका यांच्या 'बायसिकल थीव्ज' (1948) या प्रसिद्ध चित्रपटाची येथें आठवण होते. तेथेंहि गर्दीपुढें बापाची मानहानी होते आणि मुलगा ती पाहतो. परंतु शेवटीं तो बापाचा हात धरतो. अकोळनेरच्या जब्याला बापाचा हात धरून चालण्याइतकाहि एकांत मिळत नाहीं. त्याची फजिती बापाबरोबरच, आणि कांहीं अंशीं बापाच्याच हातून, चारचौघांत होते.

हा डुकरांचा पाठलाग म्हणजे चित्रपटाचें हृदय होय. शाळेच्या जवळच सारें कुटुंब धांवतें आहे, आणि गांव जागा धरून तमाशा पाहत बसलें आहे. हंशा, शेरे, टोमणे यांना खंड नाहीं. शालूनें पाहूं नये म्हणून जब्या लपतो. बाप त्याला शोधून काढतो व सर्वांदेखत मारतो. आणि हंसणाऱ्यांत शालूहि असते. इतक्यांत शाळेंतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या जागच्या जागीं ताठ उभा राहतो, त्याला पाहून बापहि थांबतो, आणि हातीं आलेलें डुक्कर निघून जातें. पुढें डुक्कर खांद्यावरून नेतांना मागें शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांचीं चित्रें दिसतात. एकहि वाक्य न उच्चारतां दिग्दर्शकानें येथें जें सांगितलें आहे तें दहा व्याख्यानांनीं साधलें नसतें.

दोष नाहींत असें नव्हे. शालूला दिग्दर्शकानें चेहरा दिला, मन दिलें नाहीं; ती काय पाहते, तिला काय वाटतें, हें आपणांस शेवटपर्यंत कळत नाहीं. सारें जब्याच्या नजरेंतून दाखवावयाचें हें धोरण मान्य केलें तरी तिच्या हंसण्यामागें भीति आहे कीं निव्वळ संवय, याचा एक धागा तरी हवा होता. काळ्या चिमणीचें रूपकहि गरजेपेक्षां अधिक वेळां पुढें येतें. तथापि ही उणीव शेवटच्या अर्ध्या तासाच्या तेजापुढें टिकत नाहीं.

आतां नगर जिल्ह्याच्या प्रश्नाकडे वळूं. चित्रपट लागून अडीच महिने होतात न होतात तोंच, 28 एप्रिल 2014 रोजीं, याच जिल्ह्यांत जामखेड तालुक्यांतील खर्डा येथें सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशीं तो बोलतो, एवढा संशय त्याला कारण झाला असें सांगण्यांत आलें. खटल्यांत अनेक साक्षीदार उलटले, आणि नोव्हेंबर 2017 मध्यें न्यायालयानें आरोपींची सुटका केली. न्यायनिवाड्याची चर्चा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु चित्रपटाच्या टीकाकाराला एक गोष्ट दृष्टीआड करतां येत नाहीं. 'फँड्री'त गांव पाहतें व हंसतें. खर्ड्याच्या खटल्यांत पाहिलें असें म्हणणाऱ्यांनीं पुढें तोंड फिरविलें. कलेनें कल्पिलेलें आणि प्रत्यक्ष घडलेलें यांच्यामधील अंतर इतकें थोडें असावें, ही कलेच्या खरेपणाची साक्ष आहे आणि आपल्या समाजाला लाज आणणारी गोष्ट आहे.

चित्रपटाच्या शेवटीं, छळणाऱ्यांवर धोंडे भिरकावून संतापलेला जब्या एक धोंडा थेट कॅमेऱ्याच्या रोखानें, म्हणजे आपल्याच रोखानें, फेंकतो, आणि पडदा काळा होतो. सुशिक्षित प्रेक्षकांपैकीं कांहींना हा शेवट उद्धट वाटला. आम्हांस तो न्याय्य वाटतो. आपणहि खुर्चींत बसून तोच पाठलाग पाहत होतों, आणि मधून मधून हंसलोंहि होतों. जब्यासाठीं डोळे ओले करणें अवघड नाहीं. पाहणाऱ्यांच्या रांगेंतून उठून उभें राहणें अवघड आहे. तें काम हा चित्रपट आपल्यासाठीं करीत नाहीं. तें आपल्याकडे सोंपवितो. घरांतील जाणत्या मुलांसह तो अवश्य पाहावा, आणि पाहून झाल्यावर त्यांच्या प्रश्नांना उत्तर देण्याची तयारी ठेवावी.